अक्काला आणायची गाडी

धरणेंद्र आवटी या माणसावर मी गेली कित्येक वर्षं चिडलेली आहे, आणि त्यातला बराचसा काळ त्यांच्याच ओसरीवर, त्यांच्याच बायकोच्या हातचा चहा पीत चिडलेली आहे. मी मूळची वाईची. लग्नानंतर सांगलीत आले आणि पुढे आम्ही माधवनगरला हे छोटं घर घेतलं. राहायला आल्यावर पहिल्याच रविवारी शेजारून ठोकाठोकी ऐकू आली म्हणून मी भिंतीवरून डोकावले. चाकं काढलेली एक जुनी फियाट विटांवर उभी होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते. दुसरं कुणी दिसेना म्हणून मी पायांनाच नमस्कार केला. पाय म्हणाले, "या वैनी, बसा. आमी आलोच."

ते आले दुपारी.

धरणेंद्रभाऊ एका साखर कारखान्यात फिटर. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की हा माणूस गल्लीत दिसत नाही. ऊस संपेपर्यंत त्यांना ना रविवार ना सण. हंगाम संपला की यंत्रं उघडून दुरुस्ती चालते, पण मग रविवार मात्र हक्काचा मिळतो. तो रविवार ते गाडीला देत. सकाळी देवदर्शन झालं की खाकी पँट चढवायची, हातात पाने घ्यायचे आणि गाडीखाली शिरायचं. शिरण्याआधी एक मऊ कुंचा घेऊन जमिनीवरच्या मुंग्या हळूच बाजूला सारायच्या. मुंग्यांची एवढी काळजी घेणारा माणूस जिवंत बहिणीला एवढी वर्षं ताटकळत ठेवतो, हे मला कधी उमगलं नाही. म्हणजे आता उमगलं आहे, पण राग काही गेलेला नाही.

तोच उन्हाळा भाऊंच्या बायकोच्या, चंदनबालावहिनींच्या, वाळवणाचा. जैनांच्या घरात अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी चिरत नाहीत आणि चातुर्मासात तर बंधनं आणखी वाढतात. त्यामुळे उन्हं कडक असतानाच गवार, कारली, भेंडी वाळवून ठेवायची. रविवारी सकाळी वहिनी गच्चीवर, भाऊ गाडीखाली आणि मी जिन्यात, म्हणजे दोघांशीही भांडता येईल अशा जागी. वहिनी गवारीची एकेक शेंग उजेडात धरून किडकी तर नाही ना ते बघणार, गाळलेल्या पाण्यात मीठ घालून एक उकळी देणार, ताकात बुडवणार आणि जुन्या सुती साडीवर पसरून वरून मलमल टाकणार. गवार करताना मात्र त्यांच्या कपाळाला हमखास आठी पडायची. कारण ती गवार अक्कांची होती.

अक्का म्हणजे भाऊंची थोरली बहीण, अर्जुना. रहिमतपूरला दिलेली. आई लवकर गेली तेव्हा भाऊ रांगत होते, अक्का परकर नेसत होती. तिनंच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. ती सासरी गेल्यावर दर उन्हाळ्यात धाकटा भाऊ मुराळी होऊन जायचा आणि बहिणीला माहेरी घेऊन यायचा. पुढे वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, ही फियाट घेतली आणि मुराळी मोटारीतून जाऊ लागला. अख्ख्या रहिमतपुरात माझ्याएवढ्या थाटात कुणी माहेरी जात नाही, असं अक्का म्हणायची म्हणे.

मग आप्पा आजारी पडले. अखेरचं दिसू लागलं तसे भाऊ गाडी घेऊन अक्काला आणायला धावले. येताना पुसेसावळीच्या अलीकडे गाडी बंद पडली. वैशाखाचं ऊन, आजूबाजूला एक बाभळ, आणि रस्त्याला चिटपाखरू नाही. हा कारखान्याचे रोलर उघडून बसवणारा फिटर, पण त्या दिवशी साधा दोषही सापडेना. शेवटी दोघं एका मालट्रकमधून आली तेव्हा अंत्यविधी आटोपला होता. अक्काला बापाचं तोंड बघायला मिळालं नाही.

अक्का त्यावर एक अक्षर बोलली नाही. भाऊंनीच पंधरवड्यात भंगारवाल्याला बोलावलं. गाडीला दोर बांधला गेला तेवढ्यात अक्का बाहेर आली आणि दोर सोडायला लावला. ती तशीच पाटावर ठेवलेला अक्षतांचा डबा घेऊन देवळात गेली, परत आली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "धरणू, म्या नियम घेतलाय. आता माहेरला येईन ती आप्पांच्या ह्याच गाडीतनं, तू न्यायला आलास तरच. तवर गवार त्याग."

गवार तिचा जीव की प्राण. वाळवलेली, तेलावर परतलेली गवार असली की तिला पक्वान्न नको. हे मला वहिनींनी सांगितलं तेव्हा मी आमच्याकडच्या समजुतीने म्हटलं, "नवस बोलल्या म्हणा की." वहिनी म्हणाल्या, "न्हाई ओ. नवसात देवाकडनं काय तरी मागायचं असतंय. ह्यात मागणं न्हाई. आपणच आपल्याला घातलेलं." गाडी विकून हा पोरगा जन्मभर मनातल्या मनात कुढत बसेल, त्यापेक्षा कामाला लागू दे, म्हणून अक्काने हे केलं असणार, असं मला वाटतं. बाईला आपल्या भावाचं औषध ठाऊक होतं. फक्त तो औषधाचीच सवय लावून घेईल हे तिला ठाऊक नव्हतं.

पहिले दोन-तीन उन्हाळे मी समजू शकते. इंजिन खोललं, पिस्टन कोल्हापूरहून आले, कुठलासा भाग पुण्याच्या जुन्या बाजारात हिंडून मिळवला. मग एका रविवारी गाडी सुरू झाली. गल्लीतली पोरं ओरडली, वहिनींनी गाडीला कुंकू लावलं, मी पेढे वाटले. मला वाटलं, पुढच्या रविवारी अक्का येणार.

पुढच्या रविवारी भाऊ पुन्हा गाडीखाली. म्हणे, ब्रेकची खात्री नाही. ब्रेक झाले तर वायरिंग. वायरिंग झालं तोवर आषाढ उजाडला, आणि अक्का चातुर्मासात रहिमतपूर सोडत नसे. चातुर्मास संपतो तोच कारखान्याचं धुराडं पेटतं. म्हणजे गेलं ते वर्ष. पुढच्या उन्हाळ्यात रेडिएटर, त्याच्या पुढच्या वर्षी दाराचा खुळखुळ. भाऊबीजेला ते एसटीने रहिमतपूरला जाऊन ओवाळून घ्यायचे. अक्का हसून विचारायची, "गाडी कुठवर आली रं?" आणि हे सांगायचे, "झालीच बघ."

गाडी चालत नव्हती असं म्हणाल, तर माझा गुडघा दुखावला तेव्हा मला मिरजेच्या दवाखान्यात त्याच गाडीतून नेलं होतं. महिनाभर, अंतराअंतराने. एकदाही अडली नाही. परत येताना मी मागच्या सीटवरून सुनावलंच.

"भाऊ, मला नेता येतं, मग अक्कांना का आणता येत नाही?"

"तुमची गोष्ट येगळी वैनी," ते आरशात बघत म्हणाले. "तुमी अडला असता तर रिक्षा गावली असती. अक्काला परत रस्त्यावर हुबी करायची न्हाई मला. एकदा केली तेवढी बास."

पण रात्रभर मनात म्हटलं, अहो, उभी तर तुम्ही तिला केलीच आहे. रस्त्यावर नसेल, उंबऱ्यात.

त्यांचा मुलगा जिनेंद्र पुण्यात नोकरीला. तो एकदा नवी गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "बाबा, मी आणतो आत्याला. एसी आहे, तीन तासांत इथं." भाऊंनी मान हलवली. "तिचा नियम आप्पांच्या गाडीचा हाय." पोरगं वैतागून म्हणालं, "मग तुमच्या गाडीला मुहूर्त कधी?" वहिनी वरून गच्चीतून म्हणाल्या, "मुहूर्त लय झाले. घोडं कुठं पेंड खातंय ते तुज्या बाबांनाच ठावं." सगळे हसले, भाऊही हसले. हसण्यावारी नेण्यात त्यांचा हातखंडा आहे.

दर वर्षी वहिनी अक्कांच्या नावाची गवार वेगळी भरून ठेवायच्या. आल्यावर पहिल्या ताटात वाढायची म्हणून. वर्ष उलटलं की ती आम्हीच संपवायचो आणि नवी वाळत पडायची. मी खाल्ली आहे ती गवार. इतकी खमंग भाजी घशाखाली उतरताना इतकी जड व्हावी, हे मी दुसऱ्या कुणाच्या घरी अनुभवलेलं नाही.

यंदा चैत्रातच भाऊंनी जाहीर केलं की आता फक्त रंग राहिला. आप्पांच्या वेळी गाडी दुधी रंगाची होती, तस्साच रंग हवा. दोन वेळा लावला, दोन्ही वेळा घासून काढला. एक पिवळट वाटला, दुसरा पांढराफटक. तिसरा लावायला घेतला होता त्या रविवारी अक्काचा फोन आला. भाऊंचे हात भरलेले, म्हणून वहिनींनी फोन स्पीकरवर टाकून बॉनेटवर ठेवला. मी गवारीची टोकं खुडत बसले होते.

"धरणू, यंदा अक्षय तृतीयेच्या आदी येतोस का रं?"

"रंग चाललाय अक्का. त्यो वाळाय पायजे, मग वरनं पॉलिश. अक्षय तृतीया झाली की पंधरा दिसांत येतोच बघ."

मग अक्का म्हणाली, "बरं बाबा. सावकाश कर. उन्हात बसू नगंस."

फोन बंद झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "आवं, अक्का असं कवा इचारत न्हाईत. इतक्या वर्सांत 'कवा येतोस' म्हणून इचारलं न्हाई त्यांनी. जावा की. रंग काय, आल्यावर द्या."

"आता कडंला आल्यावर घाई कशाला? इतकी वर्सं थांबली, पंधरा दिसानं काय बिघडतंय?" भाऊ म्हणाले आणि ब्रश बुडवला.

मी तेव्हा काहीच बोलले नाही, याचं आजही मला नवल वाटतं. एरवी माझी जीभ कशी चालते ते गल्लीला विचारा.

रंग खरोखर सुंदर जमला. ज्येष्ठातल्या एका रविवारी पहाटे भाऊ पांढरा सदरा, टोपी घालून दारात उभे राहिले. अक्काला कळवायचं नाही, अचानक जाऊन उभं राहायचं, असा बेत. वहिनींनी मला ओढूनच सोबत घेतलं. आम्ही दोघी मागे, पुढची सीट अक्कासाठी रिकामी. तासगाव मागे पडलं तशी भाऊंची शीळ सुरू झाली. मी त्यांना शीळ घालताना आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. पुसेसावळीच्या अलीकडे मात्र गप्प झाले. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. ती जागा कोणती ते मला माहीत नव्हतं, पण वहिनींनी एका ठिकाणी डोळे मिटून णमोकार मंत्र म्हटला. गाडी तिथूनही सरळ पुढे गेली. पुढे ऊसवाल्याकडे आम्ही रस प्यायलो, आणि भाऊंनी रसवाल्यालासुद्धा सांगितलं, "भनीला आणाय चाललोय."

रहिमतपुरात अक्कांच्या दारात गाडी थांबली तेव्हा भाऊंनी हॉर्न दिला. लांब, दोनदा. आत भांड्यांचा आवाज थांबला. सून स्वप्नाली बाहेर आली, तिने गाडी बघितली आणि तोंडावर हात ठेवून तशीच आत पळाली. मला वाटलं आनंदाने.

अक्का काठी टेकत उंबऱ्यात आल्या. बारीक, वाळलेल्या, पांढरी साडी. गाडीकडे बघत राहिल्या, मग पायऱ्या उतरून आल्या आणि बॉनेटवरून हात फिरवला, तापलेल्या पत्र्याची पर्वा न करता.

"आप्पांचाच रंग," त्या म्हणाल्या.

"चल अक्का," भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज पोरासारखा झाला होता. "मुराळी आलाय. आवर."

"आदी आत ये. पाणी घे."

"पाणी राहू दे. तू कापडं भर."

"आत ये धरणू," अक्का म्हणाल्या, आणि त्या आवाजाने वहिनींनी माझा हात धरला.

आत बसल्यावर अक्कांनीच सांगितलं, जसं गावातली एखादी बातमी सांगावी. अक्षय तृतीयेला मुनिसंघ आला होता, येणार हे आधीपासून ठरलेलं. मुनींचा आहार झाल्यावर सगळे नियम घेत होते. "म्हाराज मला म्हणाले, अक्का, वय झालं, आता मन कुठं अडकलंय ते बघा. म्या बघितलं. पोरांत न्हवतं, दागिन्यात न्हवतं. माहेरात हुतं. मग तेच सोडलं. रहिमतपूरच्या बाहेर पाय टाकायचा न्हाई, आजन्म."

माझ्याच्याने राहवलं नाही. "अहो, पण भाऊ न्यायला आलेत! काही प्रायश्चित्त वगैरे असेल ना? महाराजांना विचारता येईल."

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. लहान मूल काही अजाण बोललं की बघतात तसं. भाऊंनी तर बहिणीला "मोड" असं म्हणण्यासाठी तोंडही उघडलं नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"मला सांगायचं तरी," एवढंच म्हणाले.

"इचारलं हुतं की रं," अक्का म्हणाल्या. "आदी येतोस का म्हणून."

त्यात बोच नव्हती, मी शपथेवर सांगते. बोच असती तर बरं झालं असतं. माणूस उलट बोलून मोकळा होतो. भाऊ खाली मान घालून बसले आणि आपल्या बोटांकडे बघू लागले. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला आणि इतकी कणव आली की आधी काय आलं ते सांगता येणार नाही. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. आणि घोडं किती सजवलेलं!

जेवणं झाली. स्वप्नालीने वाढलं, कुणी काही फारसं खाल्लं नाही. उन्हं कलल्यावर अक्का उठल्या, पेटीतली निळ्या काठाची साडी काढून नेसल्या आणि म्हणाल्या, "गावात तरी फिरव की मला. गावात फिरायचं न्हाई असं कुठं हाय?"

भाऊंनी पुढचं दार उघडून धरलं. अक्का बसल्या, काठी मांडीवर आडवी. आम्ही दोघी मागे. गाडी बाजारपेठेतून हळूहळू निघाली. अक्का खिडकीची काच खाली करून ओळखीच्या बायकांना हाक मारत होत्या. "माजा भाऊ! न्यायला आलाय!" एका बाईने विचारलं, "मग चाललीस व्हय माहेरला?" अक्का म्हणाल्या, "चालले की!" आणि हसल्या. भाऊंनी त्या हसण्यावर गिअर बदलला आणि तो बदलतानाही गाडीला जरासा हिसका बसला नाही. असा गिअर पडावा म्हणून एक अख्खा उन्हाळा गेला होता, हे मला माहीत आहे.

देवळावरून, शाळेवरून, बाजारतळावरून आम्ही गावाच्या कडेला आलो. तिथे शेवटचं घर संपतं आणि रस्ता उसाच्या शेतांतून सरळ आमच्याकडे निघतो. अक्कांनी हात वर केला. भाऊंनी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं नाही.

समोर रस्ता मोकळा होता. एक सायकलवाला येऊन गेला. अक्का समोर बघत होत्या, भाऊ अक्कांकडे.

"गेल्या साली बी चालत हुती गाडी," ते शेवटी म्हणाले. "त्याच्या आदल्या साली बी. ह्या उमावैनींना मिरजंला न्हेलं हुतं म्या. आलो असतो तर आली असतीस तू."

अक्कांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "अरं येड्या, ढकलत न्हेली असतीस तरी आले असते."

मग अक्कांनी पदर सावरला. "वळव आता. दिवस बुडायच्या आत जेवाय बसाय पायजे."

भाऊंनी गाडी वळवली.